धूर थांबला, मग व्हाळ कधी सुधारणार?

चिमणीतून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडमुळे पाऊस आम्ल होतो, त्यालाच आम्लवर्षा म्हणतात. तो कमी केला की पाऊस लवकर सुधारतो, कारण हा वायू हवेत फार तर काही दिवस टिकतो. ओढ्याचं, म्हणजे गोव्यातल्या व्हाळाचं, तसं नाही. त्याचं पाणी मातीतून झिरपून येतं, आणि मातीत मागच्या कित्येक वर्षांचं आम्ल मुरलेलं असतं. मग मासे परतायला दहा वर्षं लागतील की साठ? हे सांगण्यासाठी शास्त्रज्ञ डायनॅमिक मॉडेल, म्हणजे काळानुसार बदलणाऱ्या व्यवस्थेचं गणित, वापरतात.

त्यातलं बहुधा सर्वांत गाजलेलं ‘मॅजिक’. जॅक कॉस्बी, जॉर्ज हॉर्नबर्गर आणि सहकाऱ्यांनी ते 1985 मध्ये मांडलं. मातीच्या कणांना चिकटलेलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम ही त्यातली शिल्लक. आम्लातला हायड्रोजन त्यांची जागा घेतो, ती त्या वायूपासून बनलेल्या सल्फेटसोबत वाहून जातात. खडक झिजून थोडीफार भर पडते, तीही फार हळू. शिल्लक संपत आली की ॲल्युमिनियम सुटू लागतं आणि माशांच्या कल्ल्यांवर साचून त्यांचा श्वास कोंडतं. मॉडेल हा जमाखर्च वर्षागणिक मांडतं. सुरुवात बहुतेकदा 1850 च्या आसपासच्या, कारखान्यांआधीच्या काळापासून करतात. आज ओढ्यात आणि मातीत जे मोजलंय त्याच्याशी उत्तर जुळेपर्यंत आकडे दुरुस्त करतात. जुळलं, की तेच गणित पुढच्या काळासाठी चालवतात: धूर इतका घटला तर काय, तितका घटला तर काय.

नॉर्वेत रिसडाल्सहाया इथे 1984 पासून एका छोट्या पाणलोटावर चक्क छप्पर घातलं आणि खाली स्वच्छ पाणी शिंपडलं. ओढ्यातलं सल्फेट भराभर उतरलं, पण आम्लता तितकी उतरली नाही. मातीतली सेंद्रिय आम्लं आडवी आली. तिथली माती हिमनद्यांनी खरवडलेली, पातळ आहे. म्हणून निदान सल्फेट तरी लवकर हललं.

गोव्यासाठी मला नॉर्वेपेक्षा अमेरिकेतलं व्हर्जिनिया जवळचं वाटतं. मॅजिक पहिल्यांदा चालवलं ते तिथल्या शेननडोआ राष्ट्रीय उद्यानातल्या व्हाइट ओक रन या ओढ्यावर. तिथे हिमनद्या पोचल्या नाहीत, त्यामुळे माती जुनी आणि खोल आहे. तिच्यातली लोहाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं सल्फेट धरून ठेवतात. त्यामुळे पाणी बिघडायलाही वेळ लागतो, आणि हवा शुद्ध झाल्यावरही माती ते सल्फेट थोडं थोडं सोडत राहते.

आता गोव्यातल्या चिरेखाणीत नुकताच कापलेला जांभ्याचा चिरा बघा. तांबडा, भोकाभोकांचा, भोकांत पिवळट-पांढरी माती. तो तांबडेपणा लोहाच्या ऑक्साइडांचाच. लाखो वर्षांच्या पावसाने यातलं कॅल्शियम केव्हाच धुऊन नेलंय, म्हणजे शिल्लक मुळातच कमी. सल्फेट धरायची ताकद मात्र मोठी. गोव्याचे व्हाळ आम्लवर्षेने बिघडलेत असा याचा अर्थ नव्हे. इथली जमीन मुळात आंबट, शेतकरी शेतात चुना घालतात ते त्यासाठीच. नुसता पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा, मोजून प्रदूषण ओळखता येत नाही. पण कोळशावरच्या वीजकेंद्रांमुळे भारत आज सल्फर डायऑक्साइड सोडणाऱ्या देशांत आघाडीवर आहे. अशा वेळी व्हाळाचं पाणी अजून चांगलं आहे या एवढ्याशा आधारावर निर्धास्त राहणं मला धोक्याचं वाटतं. चिरा आतल्या आत सल्फेटने भरत असू शकतो.

इथे आणखी एक गुंता आहे. नैऋत्य मोसमी वारे समुद्रावरून येतात, म्हणून पावसात मिठाचं सल्फेट असतंच. ते वजा करायला सोडियम कामी येतं: समुद्राच्या पाण्यात सल्फेटचं वजन सोडियमच्या साधारण पाव पट असतं. त्याहून जास्त निघालं तर ते बहुतांशी दुसरीकडून आलेलं.

शेननडोआत ओढ्यांच्या नोंदी 1979 पासून ठेवल्या जातात, म्हणून तिथलं भाकीत तपासून बघता येतं. गोव्याच्या सत्तरी, सांगे, काणकोण तालुक्यांतल्या काही व्हाळांवर अशी मोजणी आत्ताच सुरू व्हायला हवी: ठरलेल्या जागी दर महिन्याला सल्फेट, कॅल्शियम, सोडियम, पीएच, जूनच्या पहिल्या पावसात दर आठवड्याला, कारण कोरड्या महिन्यांत झाडापानांवर साचलेलं सगळं तेव्हाच खाली येतं. शिवाय एकदा तरी माती थेट खडकापर्यंत खणून, थराथराने तपासायची. सल्फेट कोणत्या थरात किती अडकलंय हे व्हाळाचं पाणी सांगत नाही, आणि मॉडेलला नेमका तोच आकडा लागतो.