मृत जन्माचे कारण कळतच नाही, हा समज चुकीचा

बाळ मृत जन्मले की ‘पोटातच काहीतरी दोष असणार, कारण कळायचे नाही’ असे सांगून विषय संपवला जातो आणि नकळत ठपका आईवर येतो. हा समज वस्तुस्थितीला धरून नाही. जगात दरवर्षी सुमारे १९ लाख बाळे गर्भारपणाच्या २८ आठवड्यांनंतर मृत जन्मतात आणि त्यांतील ४० टक्क्यांहून अधिक मृत्यू प्रसूतीच्या कळा सुरू झाल्यावर होतात. यांतील बहुतेक मृत्यू वेळेवर मिळालेल्या चांगल्या उपचारांनी टळू शकतात.

कारणांची नोंद पूर्वी असंख्य पद्धतींनी होत असल्यामुळे देशादेशांतील आकड्यांची तुलना अवघड होती. मृत जन्म आणि नवजात बाळांचे मृत्यू या दोन्हींसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये आणलेल्या वर्गीकरणात मृत्यू कळांपूर्वी, कळांदरम्यान की जन्मानंतर झाला हे आधी ठरवले जाते, मग बाळाचे कारण आणि त्याच्या जोडीला आईची स्थिती नोंदवली जाते. उदाहरणार्थ, प्राणवायूअभावी बाळ दगावले आणि आईला उच्च रक्तदाब होता, तर दोन्ही बाबी एकत्र लिहिल्या जातात. आईची स्थिती नोंदवणे म्हणजे तिला दोषी ठरवणे नव्हे, हे ठामपणे सांगायला हवे.

कळा सुरू होताना बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकून नोंदवले नसतील, तर बाळाची त्वचा सोलवटलेली आहे का यावरून मृत्यूच्या वेळेचा अंदाज बांधावा लागतो. पण मृत्यूनंतर काही तासांतच त्वचा सुटू लागत असल्याने हा अंदाज फसू शकतो. वारेची (प्लॅसेंटाची) सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी आणि शवविच्छेदन झाल्यास ‘कारण अज्ञात’ म्हणून नोंदवलेल्या अनेक मृत्यूंचे कारण सापडते.