कॅन्सरचा उपचार आणि जन आरोग्य योजना: आरोग्यमित्राकडे जाताना हातात काय हवं

बायोप्सीचा रिपोर्ट हातात पडला की घरचे आधी पैशांच्या जुळवाजुळवीला लागतात. कुणी दागिने गहाण टाकतं, कुणी उसने मागतं, आणि ऑपरेशन होऊन गेल्यावर कळतं की हे योजनेत बसलं असतं. राज्य सरकारची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना कॅशलेस आहे, म्हणजे मंजूर उपचाराचे पैसे पेशंटला भरावे लागत नाहीत. आधी खिशातून भरलेले पैसे नंतर परत मिळत नाहीत. म्हणून ॲडव्हान्स भरण्याआधी दोन गोष्टी विचारा: हे रुग्णालय योजनेत आहे का, आणि आमच्या पेशंटला सांगितलेला उपचार इथे योजनेत होतो का? दुसरा प्रश्न विसरू नका, कारण एखाद्या ठिकाणी ऑपरेशन योजनेतून होतं, पण रेडिएशनसाठी दुसरीकडे जावं लागतं. 155388 या टोल फ्री क्रमांकावरही चौकशी करता येते.

पात्रतेबद्दल अजून जुने समज आहेत. पिवळं आणि केशरी रेशनकार्ड तर चालतंच, पण 2023 च्या शासन निर्णयानं पांढरं कार्डही योजनेत आलं आणि कुटुंबाचं वर्षाचं संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर गेलं. हे पाच लाख सगळ्या कुटुंबाचे मिळून असतात. घरात 70 किंवा त्याहून जास्त वयाचं कुणी असेल, तर उत्पन्न न पाहता आधारवरून त्यांचं वेगळं आयुष्मान कार्ड निघतं.

रुग्णालयातला आरोग्यमित्र, म्हणजे योजनेची नोंदणी करून देणारा माणूस, मूळ रेशनकार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र मागतो. अडतं ते इथेच. माझ्या आत्याच्या आधारवर सासरचं आडनाव होतं आणि रेशनकार्डावर नावच नव्हतं. लग्नानंतर माहेरच्या कार्डातून कमी झालं ते सासरी चढवायचं राहूनच गेलं होतं. ती वॉर्डात आणि आम्ही तहसील कार्यालयाच्या पायऱ्यांवर, असे ते दिवस गेले. निदान झाल्याच्या दिवशीच दोन्ही कागद शेजारी ठेवून नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहा.

नोंदणी झाली की रुग्णालय रिपोर्ट अपलोड करून पूर्वमंजुरी मागतं, ज्याला सगळे ‘प्रीऑथ’ म्हणतात. त्यात बायोप्सीचा हिस्टोपॅथॉलॉजी (काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याचा) रिपोर्ट सगळ्यात महत्त्वाचा, कारण कॅन्सर आहे हे तोच सिद्ध करतो. सोबत स्कॅनचे रिपोर्ट आणि डॉक्टरांनी लिहिलेला उपचाराचा आराखडा लागतो. एखादा कागद कमी पडला तर ‘क्वेरी’ लागते. त्याचा अर्थ नकार नव्हे; मागितलेला कागद दिला की फाइल पुढे सरकते. ऑपरेशन, किमो आणि रेडिएशन यांच्या मंजुऱ्या वेगवेगळ्या घ्याव्या लागतात, तेव्हा एका मंजुरीवर निर्धास्त राहू नका.

तो आराखडा नुसता जोडण्यापुरता घेऊ नका, समजून घ्या. कितवी स्टेज? आधी किमो का, ऑपरेशन का नाही? आणि विचारायला सगळ्यात जड जाणारा प्रश्न: हा उपचार आजार बरा करण्यासाठी आहे की त्रास कमी करण्यासाठी? डॉक्टरांसमोर बसलं की सुचत नाही. प्रश्न वहीत लिहून न्या आणि उत्तरं तिथेच टिपून घ्या.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर रिपोर्टची झेरॉक्स पुरत नाही, ‘ब्लॉक आणि स्लाइड’ लागतात. ब्लॉक म्हणजे काढलेला तुकडा मेणात बसवलेली, काडेपेटीपेक्षाही छोटी वडी; स्लाइड म्हणजे तिचा काचपट्टीवर ठेवलेला पातळ काप. दोन्ही लॅबमध्ये असतात आणि लेखी मागितल्यावर मिळतात. ब्लॉक उन्हात ठेवू नका, मेण वितळतं. स्कॅनची सीडीही मागून घ्या. दुसरं मत विचारलं म्हणून पहिल्या डॉक्टरांचा अपमान होत नाही. तो पेशंटचा हक्क आहे.

काही महागडी औषधं योजनेत बसत नाहीत. तेव्हा मुख्यमंत्री सहाय्यता निधीकडे अर्ज करता येतो. त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 1 लाख 60 हजारांच्या आत असल्याचा तहसीलदारांचा चालू वर्षाचा दाखला, आधार, रेशनकार्ड, रिपोर्ट आणि रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं. रुग्णालय खाजगी असेल तर त्यावर जिल्हा शल्यचिकित्सकांची सही. मदत थेट रुग्णालयाच्या खात्यात जमा होते. उत्पन्नाचा दाखला निघायला वेळ जातो, म्हणून गरज पडो न पडो, आधीच काढून ठेवा. धर्मादाय रुग्णालयात 10 टक्के खाटा निर्धन आणि 10 टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखीव असतात. तिथेही हाच दाखला लागतो.

मुंबईला टाटा मेमोरियलला किंवा आणखी कुठे ये-जा करायची असेल, तर रुग्णालयातून रेल्वे सवलतीचा फॉर्म भरून, डॉक्टरांची सही-शिक्का घेऊन तिकीट खिडकीवर द्या. स्लीपर आणि थ्री एसीत पेशंटला भाडं पडत नाही, सोबतच्या एका माणसाला 75 टक्के सूट मिळते. पुढच्या तारखेचा फॉर्म आदल्या भेटीतच मागून ठेवा.