रोगकारकता

यजमानाच्या, म्हणजे ज्याच्या अंगी जंतू राहतो त्या जीवाच्या, शरीरात रोग निर्माण करण्याची सूक्ष्मजीवाची क्षमता म्हणजे रोगकारकता होय; ती किती कमी-अधिक आहे हे सांगण्यासाठी ‘उग्रता’ हा शब्द वापरतात. माणसाच्या कातडीवर, तोंडात आणि आतड्यात असंख्य जीवाणू जन्मभर राहतात व त्यांतले बहुतेक निरुपद्रवी असतात. म्हणून जंतू सापडणे आणि रोग होणे या दोन निराळ्या गोष्टी मानाव्या लागतात. हा भेद पटकीच्या, म्हणजेच कॉलऱ्याच्या, जीवाणूत फार स्पष्ट दिसतो.

व्हिब्रिओ कॉलरी हा स्वल्पविरामासारखा वाकलेला जीवाणू मूळचा खाड्यांच्या मचूळ पाण्यातला असून तेथे तो बारीक कवचधारी प्राण्यांना चिकटून राहतो. पृष्ठभागावरील घटकांवरून त्याचे २०० हून अधिक गट ओळखले गेले आहेत, परंतु मोठ्या साथी आल्या त्या ओ१ आणि ओ१३९ या दोनच गटांच्या. पटकी घडवणाऱ्या विषाची जनुकेही या जीवाणूची स्वतःची नव्हेत. जीवाणूंना ग्रासणाऱ्या एका विषाणूने ती त्याच्यात आणून सोडली, हे १९९६ मध्ये सिद्ध झाले. एरवी पाण्यात निमूट राहणारा जीव उसन्या जनुकांमुळे रोगकारक होतो, ही या शास्त्रातली अतिशय विचार करायला लावणारी गोष्ट आहे.

तोंडावाटे गेलेल्या जंतूंपैकी बहुतेक जठरातील आम्लात मरतात. आम्ल कमी असेल तर थोडे जंतूही रोगाला पुरतात. जे वाचतात ते शेपटीसारख्या कशाभिकेच्या जोरावर लघ्वांत्रातील, म्हणजे लहान आतड्यातील, श्लेष्माचा बुळबुळीत थर भेदून अस्तरापर्यंत पोहोचतात आणि तंतूंच्या साहाय्याने तेथे वसाहत करतात. ते पेशींत शिरत नाहीत, रक्तातही उतरत नाहीत. पुढचे सारे काम त्यांनी सोडलेले विष करते. या विषाचे पाच सारखे घटक पेशीच्या पृष्ठभागाला घट्ट धरतात आणि सहावा आत शिरून पेशीतील एक विकर (एन्झाइम) कायमचे चालू करून ठेवतो. परिणामी पेशी क्लोराइड बाहेर टाकत राहते, आणि त्यामागोमाग सोडियम व पाणी आतड्यात ओघळते. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब सुरू होतात. तीव्र पटकीत तासाला लिटरभर पाणी जाऊ शकते. डोळे खोल जातात, आवाज बसतो, बोटांची कातडी सुरकुतते, चिमटीत धरून सोडलेली कातडी तशीच उभी राहते, आणि उपचार न झाल्यास काही तासांत मृत्यू येऊ शकतो. महाराष्ट्रात गावोगावी मरीआईची ठाणी आहेत, ती याच धास्तीची खूण.

रोगाचे मूळ विषात आहे हे कलकत्त्याच्या शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवले. त्यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्ही टोकांना बांधून त्यात जंतू गाळून काढलेला द्रव टोचला. जिवंत जंतू नसतानाही तो तुकडा पाण्याने टम्म फुगला. इतका साधा आणि निर्णायक प्रयोग विरळाच. त्याची कदर मात्र फार उशिरा झाली. आतड्याचे अस्तर या रोगात शाबूत राहते आणि साखरेबरोबर मीठ व पाणी शोषण्याची त्याची वाट उघडी असते. डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत मीठ-साखरेचे पाणी पाजून असंख्य प्राण वाचवले ते याच आधारावर.

सर्वच रोगकारकांची रीत अशी नसते. न्यूमोनियाचा जीवाणू शर्करायुक्त आवरणामुळे भक्षक पेशींच्या, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशींच्या, हाती लागत नाही. क्षयाचा जंतू त्याच पेशींच्या पोटात घर करतो आणि फुप्फुसाची बरीचशी हानी शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारातून होते. यजमानाचा वाटाही मोठा असतो: जर्मन आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फोन पेटेनकोफर १८९२ मध्ये पटकीचे जिवंत जंतू स्वतः प्याले, पण त्यांना जुलाबापलीकडे फारसे काही झाले नाही. आज ‘ओ’ रक्तगटाच्या माणसांत पटकी अधिक तीव्र होते हेही ज्ञात आहे.

जंतूच्या बाजूने पाहिले तर हे जुलाब म्हणजे त्याचा प्रवास आहे. रुग्णाच्या विष्ठेतून नुकताच बाहेर पडलेला जंतू काही तास अधिक संसर्गक्षम असतो, आणि त्याच वेळात ते पाणी दुसऱ्याच्या घागरीत पोहोचले तर साथ झपाट्याने वाढते.