सिझरची भूल आणि नंतरचं दुखणं: निवड कशी ठरत गेली

सिझरसाठी आत नेण्याआधी भूलतज्ज्ञ येऊन सांगून जातात: कमरेत इंजेक्शन देणार, छातीपासून खाली बधिर होईल, तुम्ही जाग्याच असाल. त्यावर सोबतच्या बाईचा, बहुतेक वेळा आईचा किंवा सासूचा, प्रश्न ठरलेला असतो. ‘पूर्ण भूलच द्या ना डॉक्टर, कमरेत सुई घेतली की जन्मभर कंबर धरते म्हणतात.’ डॉक्टर समजावतात, सही होते आणि काम पुढे सरकतं. ‘कमरेतलं इंजेक्शन’ हा रिवाज पडला कसा, हे त्या घाईत कोणी विचारत नाही. आज या विषयावर जी चर्चा चालते तीत स्पायनल, म्हणजे ही कमरेतून मणक्यात दिलेली भूल, बरं कारण नंतर कमी दुखतं, असं ओघात म्हटलं जातं. इतिहास वेगळं सांगतो. ही निवड आईचा जीव वाचवण्यासाठी झाली आणि दुखण्याचा विचार पुष्कळ मागून आला.

सुरुवात अर्थातच पूर्ण भुलीपासून. एडिनबराच्या जेम्स यंग सिम्प्सन यांनी जानेवारी 1847 मध्ये बाळंतपणात ईथर वापरलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात क्लोरोफॉर्म. एप्रिल 1853 मध्ये जॉन स्नो यांनी व्हिक्टोरिया राणीला रुमालावर क्लोरोफॉर्म दिलं, राजपुत्र लिओपोल्ड जन्मला आणि बाळंतपणात भूल घेणं प्रतिष्ठित झालं. पण ही कथा साध्या बाळंतपणाची. सिझर तेव्हा शेवटचा उपाय होता, कारण गर्भाशयाला टाके घालण्याची पद्धतच नव्हती. 1882 मध्ये माक्स झेंगर यांनी ती घालून दिल्यावर सिझरनंतर आई वाचण्याची आशा धरता येऊ लागली. ज्या शस्त्रक्रियेतून बाई उठण्याची खात्री नाही, तिच्यानंतर किती दुखतं याची मोजदाद कोण करणार?

क्लोरोफॉर्म सुरक्षित की नाही, या वादात आपल्याकडचाही एक धागा आहे. 1888 आणि 1889 मध्ये निजामाच्या खर्चाने हैदराबादला दोन क्लोरोफॉर्म कमिशनं बसली. मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांमध्ये जिचं नाव घेतलं जातं, ती डॉ. रूपाबाई फर्दूनजी हैदराबादचीच.

मणक्यातल्या भुलीचा जन्म जर्मनीतल्या कीलचा, ऑगस्ट 1898 चा. आउगुस्ट बीअर यांनी रुग्णांच्या मणक्यात कोकेन देऊन पाय बधिर करून पाहिले आणि मग स्वतःवरच प्रयोग करायचा ठरवला. सहायक हिल्डेब्रांट यांनी सुई बरोबर टोचली, पण पिचकारी सुईला बसेना. औषध बाहेर गेलंच, वर बीअर यांच्या मणक्यातलं पाणीही गळालं. मग भूमिका बदलल्या. हिल्डेब्रांट बधिर झाल्यावर बीअर यांनी त्यांच्या नडगीवर लोखंडी हातोडी मारली आणि कातडीला पेटती सिगार लावली. त्यांना कळलं नाही. संध्याकाळी दोघांनी वाइन घेतली. नंतरचे दिवस मात्र बीअर यांनी अंथरुणात काढले, कारण उठून बसलं की डोकं फुटायचं आणि आडवं झालं की थांबायचं. आजही स्पायनलनंतर काही जणींचं डोकं नेमकं असंच दुखतं. सुईने पडलेल्या छिद्रातून पाणी झिरपत राहतं, हे त्याचं कारण. 1951 मध्ये पेन्सिलसारख्या टोकाची सुई आली आणि पुढे सुया केसासारख्या बारीक झाल्या, तेव्हा कुठे हा त्रास आवाक्यात आला. कंबर कायमची धरते या समजाला मात्र तसा आधार सापडलेला नाही. सुई जिथे टोचली तिथे काही दिवस ठणकू शकतं, पण गरोदरपणात बऱ्याच जणींची कंबर आधीपासूनच दुखत असते, आणि नंतर बाळाला वाकून उचलण्यात ती आणखी दुखते. बोल सुईला लागतो.

मणक्यातली भूल सरळ रेषेत पुढे गेली असं मात्र नाही. 13 ऑक्टोबर 1947 ला इंग्लंडमधल्या चेस्टरफील्डच्या रुग्णालयात वूली आणि रो या दोन पुरुष रुग्णांना एकाच दिवशी स्पायनल दिलं गेलं आणि दोघेही कमरेखाली कायमचे पांगळे झाले. खटला 1953 मध्ये चालला. काचेच्या कुप्यांना न दिसणाऱ्या चिरा पडून फिनॉल हे जंतुनाशक आत शिरलं, असं न्यायालयाने मानलं. सुया उकळण्याच्या भांड्यात राहिलेलं आम्ल दोषी असावं, असा तर्क नंतर पुढे आला. कारण काहीही असो, ब्रिटनमध्ये स्पायनलचं नाव पुढची बरीच वर्षं खराब झालं. म्हणजे सिझरसाठी पुन्हा पूर्ण भूल.

त्या पूर्ण भुलीत काय घडत होतं, ते न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेलसन यांनी 1946 मध्येच मांडलं होतं. 44,016 बाळंतपणांच्या नोंदींत 66 बायकांच्या फुप्फुसात भुलीखाली पोटातलं अन्न किंवा आम्ल गेलेलं होतं. गरोदरपणात गर्भाशय जठरावर दाब देतं आणि अन्ननलिकेची झडप सैल पडते. बाई बेशुद्ध झाली की आम्ल वर येतं आणि श्वासावाटे थेट फुप्फुसात उतरतं. सिझरआधी उपाशी ठेवण्याचं मूळ इथे आहे. दुसरा धोका श्वासनळीत नळी घालण्याचा. गरोदर बाईच्या घशाला सूज असते, शरीरातला ऑक्सिजनचा साठा लवकर संपतो, आणि नळी न बसण्याची वेळ इतर शस्त्रक्रियांपेक्षा कितीतरी जास्त वेळा येते. शिवाय बाळ सुस्त होऊ नये म्हणून भूल हलकी ठेवली जायची. स्नायू सैल करणाऱ्या औषधामुळे हात हलवता येत नाही आणि जाग तर आहे, अशी भयंकर अवस्था काही जणींच्या वाट्याला आली.

तराजू कायमचा झुकला तो मृत्यूंच्या आकड्यांनी. अमेरिकेतल्या 1979 ते 1990 च्या नोंदी 1997 मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यातल्या 1985 ते 1990 या काळात सिझरसाठी पूर्ण भूल दिलेल्यांमध्ये भुलीमुळे मृत्यूचं प्रमाण मणक्यातल्या भुलीच्या सुमारे 17 पट निघालं. हा आकडा थोडा अन्यायकारक आहे, कारण सगळ्यात बिकट, घाईच्या केसेसना पूर्ण भूलच दिली जाते. पण शहाण्या माणसाला इशारा पुरेसा होता. आज पूर्ण भूल राहते ती रक्त गोठत नसेल, फार रक्तस्राव असेल किंवा बाळासाठी मिनिटंही हातात नसतील तेव्हा.

या सगळ्यात ‘नंतर किती दुखतं’ हा प्रश्न कुठेच नव्हता. तो आला मॉर्फिनच्या वाटेने. 1979 मध्ये कर्करोगाच्या रुग्णांना मणक्यात थोडं मॉर्फिन दिलं तर तासन्‌तास आराम पडतो, असं दिसलं. मॉर्फिन चरबीत सहज विरघळत नाही म्हणून मणक्यातल्या पाण्यात रेंगाळतं आणि वेदनेची वाट तिथेच अडवतं. सुरुवातीचे डोस अर्ध्या ते एक मिलिग्रॅमचे होते. आता सिझरला मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाच्या आसपास देतात आणि तेवढ्याने पहिले अठरा-वीस तास बरे जातात. खाज सुटते, मळमळतं, आणि क्वचित श्वास मंदावतो म्हणून रात्री नर्सला लक्ष ठेवावं लागतं.

स्पायनलमुळे कमी दुखतं, या म्हणण्यातलं अर्धं सत्य इथे सापडतं. पूर्ण भुलीतून उठणाऱ्या बाईला वेदना एकदम भेटते, हे खरं. पण स्पायनलमधलं बधिर करणारं औषध, बहुधा बुपिव्हॅकेन, दोन-तीन तासांत उतरतं. त्यात मॉर्फिन नसेल तर फायदा संध्याकाळपर्यंतचाच. फेंटॅनिल, म्हणजे मॉर्फिनच्याच जातीचं पण कमी टिकणारं औषध, घातलं तर आणखी थोडा वेळ. टाक्यांचं दुखणं आणि बाळ अंगावर घेताना गर्भाशय आवळून येणाऱ्या कळा, दोन्ही त्या रात्री हजर असतात.

आपल्याकडे मॉर्फिन नसण्याची ही अडचण जास्त जाणवते. भारत औषधासाठी अफू कायदेशीरपणे पिकवतो, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत, तरी 1985 च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवान्यांच्या जाचामुळे कितीतरी रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. 2014 मध्ये कायदा सुधारला, सवय अजून सुधारतेय. अनेक भूलतज्ज्ञ त्याऐवजी ब्युप्रेनॉर्फिन या मॉर्फिनसारख्याच औषधावर भागवतात. इकडे सिझरची संख्या वाढतेय. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात दर चार बाळंतपणांमागे एक सिझर होतं, गोव्यात त्याहून बरंच जास्त.

‘बाळंतपण म्हटलं की दुखणारच’ हे म्हणून विषय मिटवणाऱ्यांसाठी दोन अभ्यास सांगण्यासारखे आहेत. 2004 च्या डॅनिश पाहणीत सिझर झालेल्या 220 बायकांपैकी सुमारे 12 टक्के जणींचं दुखणं कित्येक महिन्यांनीही चालू होतं, आणि त्यांच्यात पूर्ण भूल घेतलेल्यांचं प्रमाण जास्त होतं. 2008 च्या अमेरिकी अभ्यासात बाळंतपणानंतर लगेच तीव्र दुखलेल्या बायकांना आठ आठवड्यांनी दुखणं राहण्याचा धोका अडीच पट आणि नैराश्याचा तिप्पट दिसला. बाळंतपण साधं की सिझर याने त्यात फरक पडला नाही. एक दुसऱ्यामुळेच होतं, असं यावरून सिद्ध होत नाही. पण पहिल्या दिवसाचं दुखणं मोजायला हवं, एवढं नक्की.

2001 नंतर पोटाच्या स्नायूंच्या थरांत बधिरतेचं औषध सोडण्याची टॅप ब्लॉकची पद्धत आली. मॉर्फिन नसेल तिथे तिचा चांगला उपयोग होतो. ती सोनोग्राफी पाहत दिलेली बरी, आणि इथे आपल्याकडे वेगळाच फाटा फुटतो. गर्भलिंग तपासणीविरुद्धचा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये केला, केंद्राचा 1994 मध्ये आला. त्यामुळे सोनोग्राफी मशीनची नोंदणी आणि जागा काटेकोर असते, आणि भूलतज्ज्ञालाही ते ऑपरेशन थिएटरमध्ये वापरायचं तर ती कागदपत्रं करावी लागतात. कायदा हवाच होता, याबद्दल दुमत नसावं. पण ही कागदपत्रं होत नाहीत तोवर लहान गावच्या रुग्णालयात उरतात ते साधे उपाय: टाके घालताना सर्जनने जखमेच्या कडांना बधिरतेचं इंजेक्शन देणं, आणि पॅरासिटामॉल व डायक्लोफेनॅक बाई मागेल तेव्हा न देता घड्याळाप्रमाणे देत राहणं.