जाळं काढणारी सॉफ्टवेअरं आणि त्यांची कुळकथा

ठाणे स्टेशन मोठं कशामुळे, असं विचारलं तर कोणी गर्दीकडे बोट दाखवेल, कोणी फलाटांच्या संख्येकडे. जाळ्याच्या, म्हणजे नेटवर्कच्या अंगाने विचार करणारा वेगळंच उत्तर देईल. कल्याण-डोंबिवलीकडून ऐरोली, घणसोली किंवा नेरुळला लोकलने निघालेल्या माणसाला ठाण्यात गाडी बदलण्यावाचून फारसा इलाज नाही. २००४ च्या नोव्हेंबरात ट्रान्स-हार्बर मार्ग सुरू होईपर्यंत हाच माणूस वाशीला जायला सर्रास कुर्ल्यापर्यंत उतरायचा आणि हार्बरने पुन्हा खाडी ओलांडायचा. नवे रूळ तसे थोडेच पडले, पण मध्यस्थाचं काम कुर्ल्याकडून ठाण्याकडे आलं.

असल्या मध्यस्थीला मोजमाप आहे आणि ते काढणारी सॉफ्टवेअरंही डझनावारी आहेत. ऐरोली-महापे पट्ट्यातल्या डेटा टीममध्ये आणि इथल्या कॉलेजांच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत प्रश्न ठरलेला असतो: जाळ्याच्या विश्लेषणासाठी गेफी घ्यायचं, नेटवर्कएक्स घ्यायचं, की आणखी काही? उत्तरादाखल वेग आणि सोयींचे तक्ते पुढे केले जातात. मला ते तक्ते अपुरे वाटतात. यातलं प्रत्येक सॉफ्टवेअर कुठल्यातरी विशिष्ट मंडळींच्या विशिष्ट नडीतून निघालं, आणि ती नड आजही त्याच्या मेनूत दिसते.

सुरुवात गणितज्ञ ऑयलरपासून करायची रीत आहे. १७३६, क्योनिग्सबर्ग, सात पूल, प्रत्येक पूल एकदाच ओलांडून फेरी होईल का, तर नाही. इथे एवढं पुरे.

आपल्या विषयाचा खरा पूर्वज मानसोपचारतज्ज्ञ जेकब मोरेनो. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन इथल्या मुलींच्या सुधारगृहातून एकापाठोपाठ एक मुली पळून जात होत्या. मोरेनोने कोणाची कोणाशी जवळीक आहे याचे नकाशे हाताने काढले आणि पळून जाण्याची लाट मुलींच्या स्वभावापेक्षा या नात्यांच्या जाळ्यातून कशी पसरली ते मांडलं. ठिपके म्हणजे माणसं, रेषा म्हणजे नाती. १९३३ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्क टाइम्सनेही या चित्रांची दखल घेतली.

इथून दोन प्रवाह फुटले आणि बरीच वर्षं ते एकमेकांना ओळखत नव्हते. एक मोजणाऱ्यांचा, दुसरा चित्र काढणाऱ्यांचा.

मोजणाऱ्यांत समाजशास्त्रज्ञ लिंटन फ्रीमन मोठा. १९७७ साली त्याने बिट्वीननेसची नेमकी व्याख्या दिली: कोणत्याही दोन ठिकाणांमधल्या सर्वांत जवळच्या वाटांपैकी किती वाटा तुमच्या दारातून जातात? ठाण्याचा प्रश्न हाच. ठाणे आणि ऐरोली यांच्यामधलं दिघा गाव स्टेशन २०२४ च्या जानेवारीत सुरू झालं. त्याच आखणीतला, कल्याणकडून ठाणं टाळून जाणारा कळवा-ऐरोली उन्नत मार्ग झाला तर ठाण्याचा हा आकडा घसरेल, आणि तो किती हे एक रेषा वाढवून पुन्हा गणित केलं की कळतं. अर्थात कळव्याला फास्ट लोकल सहसा थांबत नाही हे त्या गणिताला आपोआप ठाऊक नसतं. ते रेषेला वजन देऊन आपणच सांगावं लागतं. फ्रीमन कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत होता आणि १९८० च्या दशकात तिथेच यूसीआयनेट हे सॉफ्टवेअर आकाराला आलं. पुढे बोर्गाटी आणि एव्हरेट यांनी ते वाढवलं. ते समाजशास्त्रज्ञांचं हत्यार, म्हणून त्याची मांडणी चौकटींच्या तक्त्याची: उभी नावं, आडवी नावं, जिथे नातं तिथे १. एका शाळेसाठी किंवा एका ऑफिससाठी झकास.

चित्रकारांचा प्रवाह गणितातून आला. गणितज्ञ टट याने १९६३ मध्ये आलेख, म्हणजे ठिपके-रेषांचं जाळं, रेखाटण्याची पद्धत मांडली. पीटर ईड्सने १९८४ मध्ये रेषांना स्प्रिंग मानलं: जोडलेले ठिपके ओढले जातात, न जोडलेले एकमेकांना ढकलतात, आणि सगळं स्थिरावलं की चित्र तयार. १९८९ ची कामादा-कावाई आणि १९९१ ची फ्रुख्टरमन-राइनगोल्ड या पद्धती याच घराण्यातल्या, आणि आजच्या बहुतेक सॉफ्टवेअरांत त्या बटणाच्या रूपात बसलेल्या आहेत.

इथे थोडं थांबायला हवं, कारण सर्वाधिक गफलत इथेच होते. स्प्रिंगच्या चित्रात ठिपक्याच्या जागेला स्वतःचा अर्थ नाही. हार्बर आणि ट्रान्स-हार्बरची स्टेशनं या पद्धतीने मांडली तर पनवेल वर येऊ शकतं आणि ठाणे खाली. पुन्हा चालवलं तर सगळं आरशातल्यासारखं उलटूही शकतं. सुरुवातीच्या जागा यादृच्छिक असतात, म्हणून तेच चित्र पुन्हा हवं असेल तर सीड (यादृच्छिक जागा ज्यावरून ठरतात तो सुरुवातीचा आकडा) बांधून ठेवावा लागतो. सादरीकरणात "हा ठिपका मध्यभागी आहे, म्हणून महत्त्वाचा" असं कोणी म्हणालं की हटकून विचारावं, आकडा काय येतो? चित्र शंका काढायला चांगलं, पुराव्याला नाही.

एटी अँड टीच्या प्रयोगशाळेतून १९९० च्या दशकात आलेलं ग्राफव्हिझ वेगळ्या नडीचं. तिथे प्रोग्रॅमचे भाग कशावर अवलंबून आहेत हे वरून खाली, स्तरांत दाखवायचं होतं. साध्या मजकुरात रेषा लिहा, चित्र तयार. कोडवरून माहितीपुस्तिका बनवणाऱ्या डॉक्सिजनच्या आकृत्या पाहणारे कितीतरी इंजिनिअर नाव न घेता ग्राफव्हिझच वापरत असतात. मैत्रीचं जाळं मात्र त्यात काढू नये, गुंता होतो.

तक्त्याची मर्यादा जाळी मोठी झाल्यावर बोचू लागली. दहा हजार ठिपक्यांचा तक्ता म्हणजे दहा कोटी चौकटी, आणि त्यातल्या बहुतेक रिकाम्या. स्लोव्हेनियातल्या ल्युब्ल्याना इथल्या व्लादिमिर बाताग्येल आणि आंद्रेय म्रवार यांनी १९९६ मध्ये पायेक हे सॉफ्टवेअर लिहायला घेतलं ते या मोठ्या पण विरळ जाळ्यांसाठी. फक्त असलेल्या रेषांची यादी ठेवायची. दुसरा अडसर बिट्वीननेसच्या गणिताचा होता. उलरिक ब्रांडेसने २००१ मध्ये तो सोडवला. दहा हजार ठिपके आणि पन्नास हजार रेषा असतील तर जुन्या रीतीने पायऱ्या लाख कोटींच्या घरात जायच्या, नव्या रीतीने पन्नास कोटींच्या. आज लॅपटॉपवर हा आकडा येतो तो या कामामुळे.

१९९८ मध्ये वॉट्स-स्ट्रोगॅट्झ आणि १९९९ मध्ये बाराबाशी-आल्बर्ट यांचे प्रत्यक्षातल्या जाळ्यांच्या रचनेवरचे लेख आले आणि भौतिकशास्त्रज्ञ या शेतात उतरले. पाठोपाठ सॉफ्टवेअरांची रांग लागली. सायटोस्केप जीवशास्त्रज्ञांचं, जनुकं आणि प्रथिनांसाठी. नेटवर्कएक्स लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेतलं, २००२ मध्ये सुरू होऊन २००५ मध्ये सर्वांसाठी खुलं झालेलं. निखळ पायथन, वाचायला सोपं, लाखो रेषांवर मात्र दमछाक. २००६ चं आयग्राफ आतून सी भाषेतलं, आर आणि पायथन या दोन्ही भाषांतून चालणारं, वेगाला चांगलं. ग्राफ-टूल त्याहून चपळ, पण विंडोजवर बसवताना रडवतं.

गेफी २००८ च्या सुमारास फ्रान्समधल्या काँप्येन्यच्या तंत्र विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी केलं. कोड न लिहिता जाळ्यात हात घालून बघता यावं, ही त्यांची नड. त्यातली स्प्रिंगसारखीच फोर्सअॅटलस २ ही पद्धत हलताना पाहणं अजूनही मजेचं. २०२३ मध्येही आवृत्तीचा आकडा ०.१० वरच होता, यावरून त्यामागच्या तुटपुंज्या मनुष्यबळाचा अंदाज यावा. साधारण त्याच सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधून नोडएक्सएल आलं, एक्सेलमध्येच राहू इच्छिणाऱ्यांसाठी.

आपापसांत घट्ट जोडलेल्या ठिपक्यांचे गट शोधणारी लुव्हॅ पद्धतही २००८ चीच, आणि गेफीतलं मॉड्युलॅरिटीचं बटण तिच्यावरच चालतं. २०१९ मध्ये लायडनच्या संशोधकांनी दाखवून दिलं की लुव्हॅने काढलेला एखादा गट आतून तुटलेलाही असू शकतो. त्यांची सुधारित पद्धत आयग्राफमध्ये आहे. गटांवर निष्कर्ष अवलंबून असेल तर गेफीचे रंग बघून थांबू नये.

निओफोरजे यांच्या पंगतीत बसत नाही. तो डेटाबेस आहे, साठवायला आणि विचारायला. २०१६ च्या पनामा पेपर्समध्ये शोधपत्रकारांनी सुमारे एक कोटी पंधरा लाख कागदपत्रांतली नाती त्यातून धुंडाळली.

माझ्यापुरतं सांगायचं तर एनएमएमटी आणि टीएमटीच्या, म्हणजे नवी मुंबई आणि ठाण्याच्या पालिकांच्या, बसमार्गांसारखं काही असेल तर आकडे नेटवर्कएक्समध्ये काढावेत, फाइल ग्राफएमएल किंवा जीईएक्सएफ स्वरूपात ठेवावी आणि चित्रासाठी गेफीत उघडावी. रेषा लाखांत गेल्या की थेट आयग्राफ. यूसीआयनेट विकत घेण्याचं कारण समाजशास्त्राच्या विभागाबाहेर क्वचितच असतं.

कंपनीत काम करणाऱ्यांनी परवाना आधी वाचावा. नेटवर्कएक्स बीएसडी परवान्याखाली आहे, विकायच्या उत्पादनात घालायला अडचण नाही. आयग्राफ जीपीएलखाली आहे. घरातल्या विश्लेषणाला ते चालतं, पण ग्राहकाला द्यायच्या सॉफ्टवेअरमध्ये ते गुंतवलं तर स्वतःचा कोडही त्याच अटींवर खुला करावा लागू शकतो. पायेक फुकट आहे ते बिगर-व्यापारी वापरासाठी.