जुनी छायाचित्रे व लोकस्मृती : स्थानिक इतिहासाचे जतन (सांगली परिसर)

गावातील कुटुंबे, छायाचित्रकार आणि संस्था यांच्याकडील जुनी छायाचित्रे एकत्र करणे, ती ओळखू शकणाऱ्या वडीलधाऱ्या माणसांच्या आठवणी नोंदवणे आणि दोन्ही परस्परांशी जोडून ठेवणे, असे या कामाचे स्वरूप आहे. दफ्तरे आणि सनदा यांतून राज्यकारभाराचा इतिहास कळतो. पण बाजार, घाट, तालीम, जत्रा आणि घरातले रोजचे जगणे यांची माहिती बहुधा याच मार्गाने मिळते. छायाचित्राहून त्यातील माणसांची ओळख अधिक नाशवंत असते. नीट ठेवलेला कागद शंभर वर्षे टिकतो, परंतु मागे नाव लिहिलेले नसेल तर दोन पिढ्यांत तो चेहरा घरच्यांनाही अनोळखी होतो.

सांगली हे पटवर्धन संस्थानिकांच्या राजधानीचे शहर. १८०१ मध्ये मिरजेपासून वेगळे झालेले हे संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा अस्तित्वात आला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. छायाचित्राचा काळ ठरवताना हे बदल उपयोगी पडतात : मागे ‘जि. दक्षिण सातारा’ असा शिक्का असेल, तर ते साधारणपणे १९४९ ते १९६० या काळातले समजता येते. कृष्णेवरील आयर्विन पूल १९२९ मध्ये खुला झाला. त्यामुळे नदीच्या चित्रात तो पूर्ण दिसतो की त्याची जागा मोकळी आहे, एवढ्यावरूनही पुष्कळ उलगडा होतो. माणसे सहसा सन सांगत नाहीत. ‘बहात्तरच्या दुष्काळात’, ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा’, ‘धाकटा रांगत होता त्या वर्षी’ असे ती सांगतात, आणि यांपैकी पहिल्या दोन खुणा निश्चित वर्षांना जोडता येतात (कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा). तिसरीसाठी धाकट्याचा शाळेचा दाखला पाहावा लागतो.

छायाचित्र जे दाखवू शकत नाही, ते आठवणीतून कळते. हळद साठवण्याची हरिपूरची पेवे हे याचे उत्तम उदाहरण. चित्रात जमिनीलगतचे अरुंद तोंड तेवढे दिसते. आतली खोली व रुंदी, बंद पेव उघडल्यावर लगेच न उतरता आधी कंदील सोडून हवेची पारख करण्याची रीत, पोती वर काढणाऱ्यांची कामाची वाटणी हे सारे पेवात उतरलेल्या माणसालाच ठाऊक असते. २००५ च्या महापुरात अनेक पेवांत पाणी शिरून ती निकामी झाली. तेव्हापासून या माहितीचा आधार मुख्यतः अशा माणसांच्या आठवणीच आहेत.

प्रतिसरकारच्या (१९४२–४६) बाबतीत तर चित्रे हाती लागणेच अवघड. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील, कुंडलसारख्या गावांतून चाललेली ही चळवळ भूमिगत होती आणि आपले छायाचित्र पोलिसांच्या हाती पडणे कार्यकर्त्यांना परवडणारे नव्हते. म्हणून निरोप पोचवणाऱ्या, भाकरी पुरवणाऱ्या आणि शस्त्रे लपवणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या तोंडी साक्षींना येथे असाधारण मोल आहे. त्या चळवळीत भाग घेतलेल्या नाना पाटलांच्या कन्या हौसाताई पाटील यांचे २०२१ मध्ये निधन झाले. प्रत्यक्ष सांगणारी पिढी आता जवळजवळ संपली आहे.

जमलेल्या संग्रहाकडे पाहताना कोण दिसत नाही, हेही विचारले पाहिजे. कॅमेऱ्यासमोर बसणे संस्थानिक, सावकार, वकील आणि मिशन यांना जितके सहज शक्य होते, तितके शेतमजुरांना किंवा गावकुसाबाहेरच्या वस्तीला नव्हते. त्यांचा इतिहास आठवणींतूनच उभा करावा लागतो. याउलट काही गोष्टींविषयी आठवणीच अबोल असतात. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये झालेल्या जाळपोळीत या भागातील अनेक वाडे जळाले व त्यांतले कागद, चित्रेही गेली. त्या दिवसांविषयी कोणत्याही बाजूचे लोक मोकळेपणाने बोलत नाहीत. अशा वेळी आग्रह न धरता ‘याविषयी सांगितले नाही’ एवढे लिहून ठेवणे, हीच प्रामाणिक नोंद होय.

विचारण्याची रीत महत्त्वाची आहे. ‘हे अमुकच ना?’ असे विचारल्यास माणूस भिडेखातर होकार देतो. ‘आजी, हे कोण?’ असे विचारून थांबावे. पारावर चारचौघांत बसले की मोठ्या आवाजाचे सांगणे ग्राह्य ठरते आणि बायका गप्प राहतात, म्हणून त्यांच्याशी घरी, वेगळे बोलावे. मतभेद पडल्यास दोन्ही उत्तरे सांगणाऱ्याच्या नावासह लिहावीत. मूळ प्रतीच्या मागे शाईपेन न वापरता मऊ शिसपेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहावे. स्कॅन करताना इंचाला किमान ६०० बिंदू ठेवावेत, टिफ स्वरूपातील मूळ फाइल जपावी आणि तिच्या प्रती निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात. सांगलीत यांपैकी एक तरी प्रत पूररेषेबाहेर हवीच. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि २०१९ मध्ये पाणी तिच्याही कितीतरी वर गेले. भिजून एकमेकांना चिकटलेली चित्रे ओढून सोडवू नयेत. स्वच्छ थंड पाण्यात ठेवून ती सुटू द्यावीत व टीपकागदावर, चेहरा वर करून, सावलीत वाळवावीत. दोन दिवसांत बुरशी धरू लागते.

मूळ चित्र कुटुंबाकडेच राहावे आणि संग्रहाने प्रत घ्यावी, ही पद्धत विश्वासाच्या दृष्टीने बरी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा हक्क पूर्वी प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकत असे; २०१२ च्या दुरुस्तीपासून तो छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, आणि पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसल्यास, ते काढवून घेणारा असतो. मुदत संपली असली तरी घरगुती प्रसंगाचे चित्र प्रसिद्ध करण्यापूर्वी कुटुंबाची संमती घ्यावी.