पाळीव प्राण्यांचे दुकान : भारतातील कायदेशीर अटी

कुत्रा, मांजर, ससा, गिनीपिग, हॅम्स्टर, पिंजऱ्यातील पक्षी यांसारख्या प्राण्यांच्या विक्रीचे भारतात नियमन प्रामुख्याने प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० आणि त्याखाली २०१८ साली करण्यात आलेले पेट शॉप नियम यांनुसार होते. या नियमांतील 'दुकान' या संज्ञेत आठवडी बाजारातील विक्रीची जागा आणि इंटरनेटवरील विक्रीही येत असल्याने गाळा नाही म्हणून नोंदणीतून सुटका होत नाही.

नोंदणी राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे करावी लागते. अर्जासोबत ५,००० रुपये शुल्क भरावे लागते. जागेची तपासणी झाल्यावर मिळणारे प्रमाणपत्र पाच वर्षे चालते आणि ते दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. दुकान पक्क्या बांधकामात असावे, पिंजरे प्राण्याच्या आकारमानानुसार ठरवून दिलेल्या मापांचे असावेत, आजारी जनावर वेगळे ठेवावे आणि खरेदी-विक्रीची नोंदवही तपासणीसाठी तयार असावी, अशा अटी आहेत. महाराष्ट्रात याशिवाय दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ लागू होतो. ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असल्यास नोंदणीऐवजी केवळ सूचना देणे पुरते, तरी व्यापारी या कागदपत्राला अजून 'गुमास्ता' म्हणूनच ओळखतात.

या नियमांचा भंग केल्यास मूळ अधिनियमानुसार कमाल दंड अवघा शंभर रुपये असून तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेचीही तरतूद आहे. एका पिल्लाच्या किमतीपुढे हा दंड नगण्य असल्याने दुकानदाराला खरी धास्ती नोंदणी रद्द होण्याची आणि प्राणी ताब्यात घेतले जाण्याचीच असते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मात्र बराच कडक आहे. घरोघरी पिंजऱ्यात दिसणारा देशी पोपट, मुनिया, तारा कासव यांची विक्री हा या अधिनियमाखाली गुन्हा असून सर्वसाधारण गुन्ह्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आफ्रिकन ग्रे किंवा मकाव हे परदेशी पोपट पूर्वी या अधिनियमाच्या कक्षेबाहेर होते. २०२२ च्या दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रित असलेल्या अशा प्रजाती चौथ्या अनुसूचीत आल्या. त्यामुळे त्यांच्या मालकीची नोंदणी, जन्म, मृत्यू आणि हस्तांतरण यांची माहिती शासनाच्या 'परिवेश' संकेतस्थळावर देणे आता बंधनकारक आहे.